खर्ऱ्याला पाकीट नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातील निरनिराळ्या देशांतील धूम्रपानाच्या चालीरीतींवर जो सचित्र लेख आला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तो आमच्या गावच्या पानठेल्यावर, कारण गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील आमच्या गावी सकाळच्या एसटीने येणारा वृत्तपत्रांचा गठ्ठा पानठेल्यावरच उतरतो आणि ज्याला अंक हवा असेल त्याला तेथेच जावे लागते. बाकाच्या एका टोकाला आपला अंक उलगडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटण्याचे काम चाललेले असते. दुसऱ्यांदा तो लेख मी घरी, हाती पेन्सिल घेऊन वाचला. क्यूबाचा सिगार, तुर्कस्तानचा हुक्का, जपानची लांब दांड्याची चिलीम, सारे काही त्यात होते. परंतु तोंडात ठेवून चघळल्या जाणाऱ्या तंबाखूबद्दल एकही ओळ नव्हती. मी बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवले. माझे माहेर गोंदिया जिल्ह्यातले आणि माझी आई बिड्या वळून घर चालवीत असे. माझ्या धाकट्या भावाचे तोंड आज खर्ऱ्यामुळे जेमतेम दीड बोट उघडते. हा विषय असा माझ्या घरचाच असल्यामुळे पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

तंबाखू म्हटले की डोळ्यांपुढे धूर यावा, ही समजूत आपल्या राज्यापुरती तरी खरी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे ओढणारा एक असेल तर खाणारे सहा. सांगली-साताऱ्याकडे मिश्री, छत्तीसगडच्या सीमेवरील आमच्या भागात दातांना घासायचा गुडाखू, गावोगावी हातावर मळलेला तंबाखू-चुना, आणि पूर्व विदर्भात या सर्वांहून जास्त खर्रा. तरीही दरवर्षी ३१ मे या तंबाखूविरोधी दिनी आपल्या अंकासह सर्वच वृत्तपत्रांत चित्र येते ते लाल रेघ मारलेल्या सिगारेटचे. आमच्या गावात सिगारेट ओढणारी माणसे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. त्यामुळे ते चित्र पाहून खर्रा तोंडात असलेला माणूस निर्धास्तपणे पान उलटतो, कारण हा विषय आपला नव्हे असे त्याला मनापासून वाटते.

"बापजाद्यांपासूनची चाल आहे, बाई," असे मला नेहमी ऐकवले जाते. ते किती खरे आहे हे पाहण्यासारखे आहे. तंबाखूचे रोप मूळचे अमेरिका खंडातले. तेथील मूळ रहिवाशांत तंबाखूला पूजेत, करारमदारात आणि उपचारात स्थान होते. चिलीम वर्तुळात फिरवली जाई आणि धुराबरोबर प्रार्थना वर जाते अशी कित्येक जमातींची श्रद्धा होती व आजही आहे. १४९२ मध्ये कोलंबसाच्या खलाशांनी ही वनस्पती पाहिली, पुढे पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली, आणि उत्तरेच्या बादशहापर्यंत पोचली ती दख्खनमधूनच. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला असता त्याने तेथे तंबाखू प्रथम पाहिला आणि जडावाच्या चिलमीसह तो आग्र्यास नेऊन बादशहापुढे ठेवला. अकबराने थोडा ओढून पाहिला, हकिमाने हरकत घेतली, आणि दरबारातल्या इतरांनी मात्र तो उचलून धरला. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला, पण तोवर उशीर झाला होता. ज्या चालीला आम्ही परंपरा म्हणतो तिचे वय असे जेमतेम चारशे वर्षांचे आहे. आमच्या झाडीपट्टीत धान याहून कितीतरी जुने आहे. पन्नीत घोटलेला खर्रा तर माझ्या लहानपणी नव्हता, कारण तेव्हा गावात पन्नीच नव्हती. माझ्या आजोबांच्या कमरेला चंची होती. तिच्यात पान, सुपारी, चुन्याची डबी आणि तंबाखूचा कोपरा असे. खर्रा त्यांना ठाऊक नव्हता.

आपल्या लेखात ओढण्याच्या पद्धती आणि साधने यांचे वर्णन छान होते, पण मला त्यात जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली ती लेखकाने एका ओळीत संपवली. जगात जेथे जेथे तंबाखू रुजला तेथे तो कोणीतरी कोणाला तरी प्रेमाने दिल्यामुळे रुजला. चीनमध्ये ३० कोटींहून अधिक लोक सिगारेट ओढतात. पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे ओढतात आणि बायका अगदी थोड्या. तरीही तेथील लग्नात नवी नवरी पाहुण्यांच्या सिगारेटी स्वतःच्या हाताने पेटवून देते, नववर्षाला सिगारेटीचे खोके भेट म्हणून नेले जातात, आणि समोरच्याने पुढे केलेली सिगारेट नाकारणे म्हणजे त्याचा मान न राखणे असे समजले जाते. आयर्लंडमध्ये पूर्वी मयताच्या घरी रात्र जागवायला येणाऱ्यांसाठी मातीच्या छोट्या चिलमी तंबाखू भरून ठेवीत, आणि येणारा प्रत्येक जण एक झुरका घेऊन मृतासाठी प्रार्थना करी. पश्चिम आशियात हुक्क्याला नर्गिले म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ आपल्या 'नारिकेल' या शब्दात आहे, कारण हुक्क्याचे पाणी आधी नारळाच्या कवटीतच भरले जाई. ज्या नारळाने आपण पाहुणीची ओटी भरतो त्याच नारळाची कवटी जगाच्या दुसऱ्या भागात पाहुण्यापुढे धूर घेऊन गेली, हे मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

आमच्याकडे आता हेच स्थान खर्ऱ्याने घेतले आहे. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांपुढे पाण्याच्या तांब्यानंतर चहा येतो आणि चहानंतर खर्ऱ्याच्या पुड्या येतात. लग्नात अक्षता पडल्या की मांडवाच्या एका कोपऱ्यात खर्ऱ्याचे ताट ठेवलेले असते आणि ते रिकामे झाले तर वधूपित्याला बोल लागतो. धानाच्या रोवणीला बांधीत उतरणाऱ्या मजुरांसाठी मालक रोजीव्यतिरिक्त खर्रा घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असतो, आणि खर्रा न देणाऱ्या मालकाच्या बांधीत माणसे यायला कुरकुर करतात. मयतीला सरण रचेपर्यंत बिडीचे बंडल आणि खर्रा हातोहात फिरतो; तेरवीला तो पुन्हा येतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेला भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी एखाद्या मुलाला पानठेल्यावर पिटाळण्याची रीत होती. मीही मुलांना पाठवले आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पैसे देऊन मी त्याला तंबाखू आणायला लावले, याची मला आज लाज वाटते आणि ती मी येथे लपवू इच्छित नाही. त्यांतील दोघे-तिघे आज चाळिशीत आहेत आणि त्यांची बोलणी मला नीट समजत नाहीत, इतके त्यांचे तोंड मिटत आले आहे.

माझा भाऊ नववीत असताना खर्रा खाऊ लागला. सुरुवातीला दिवसाला एक पुडी होती; ट्रॅक्टर चालवू लागल्यावर ती दहा-बारांवर गेली. पहिली खूण आम्हा कोणालाच ओळखता आली नाही. तो वहिनीवर रागावू लागला, "भाजी लय तिखट करून राहिली ही." भाजी पूर्वीसारखीच होती, त्याच्या तोंडाची आतली त्वचा भाजल्यासारखी झाली होती. पुढे गालांच्या आत पांढरे पट्टे आले, जबडा आवळत गेला, सबंध लाडू तोंडात जाईना, दात घासायला ब्रश आत शिरेना. नागपूरच्या एका दंत रुग्णालयात आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्याला आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज जातात. त्याची दोनही गेली नाहीत. बाहेरच्या बाकावर भंडारा, चंद्रपूर, यवतमाळकडची माणसे बसली होती आणि त्यांतली पुष्कळशी तिशीच्या आतली होती, हे मला अजून आठवते. सुपारीमुळे होणारा हा आजार एकदा जडला की मुळापासून मागे फिरत नाही. इंजेक्शनांनी आणि जबड्याच्या व्यायामाने थोडी सैलावणूक मिळते इतकेच, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याची भीती कायम राहते. भावाने तीन वर्षांपूर्वी खर्रा सोडला. तो आता वरण-भात कालवून, पातळ करून खातो.

सुपारीचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण गावात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की खर्ऱ्यात तंबाखू कमी घातला तर तो निरुपद्रवी होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू असो वा नसो, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. शिकलेल्या तरुणांकडून दुसरा युक्तिवाद येतो तो स्वीडनचा. तेथे वरच्या ओठाखाली ठेवायची स्नूस नावाची ओलसर तंबाखू शेकडो वर्षे चालते. युरोपीय संघाने १९९२ मध्ये अशा तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, पण १९९५ मध्ये संघात येताना स्वीडनने स्वतःसाठी सवलत मागून घेतली, आणि आज त्या देशात सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण युरोपात सर्वांत कमी असलेल्यांत मोडते. हे खरे आहे. परंतु त्यात सुपारी नसते, आणि तेथे ती सिगारेटच्या जागी आली. आमच्याकडे सिगारेट फारशी नव्हतीच. खर्रा कशाच्याही जागी आला नाही, तो नव्याने आला. आमच्या खर्ऱ्याचे नाते स्वीडनशी जोडण्यापेक्षा सुदानच्या तूंबाकशी, अफगाणिस्तान व मध्य आशियातल्या नसवारशी आणि म्यानमारच्या तंबाखू घातलेल्या पानविड्याशी जोडणे जास्त योग्य होईल. तेथल्या भिंतींवरही आमच्या एसटीच्या खिडक्यांखाली असतात तसेच ओघळ असतात. आंध्रच्या किनाऱ्यावर श्रीकाकुलम व विशाखापट्टणमकडच्या खेड्यांत कष्टकरी बायका चुट्ट्याचे, म्हणजे गावठी सिगारचे, जळते टोक तोंडाच्या आत ठेवून ओढतात आणि त्यांना टाळूचा कर्करोग होतो, हेही आपल्या लेखात यायला हवे होते. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे होईपर्यंत ते आपल्या शेजारचे राज्य होते.

आता बिडीबद्दल. याबाबतीत मला कठोरपणे लिहिता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. संध्याकाळी तेंदूची पाने पाण्यात भिजत घालायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने ती कापायची, मांडीवर सूप घेऊन त्यात तंबाखू पसरायचा, आणि चिमटीने पान वळून, टोक दुमडून धाग्याने बांधायचे. माझी आई दिवसाला आठशे-हजार बिड्या वळत असे. ठेकेदाराचा माणूस त्यातल्या किती नापास करून बाजूला काढील यावर आमची वह्या-पुस्तके अवलंबून असत. तिला खोकला होता. तिने स्वतः कधी बिडी ओढली नाही. क्यूबात सिगार वळणाऱ्या कामगारांसाठी १८६५ पासून एक वाचक नेमण्याची पद्धत पडली. उंच आसनावर बसून तो सकाळी वृत्तपत्र आणि दुपारी कादंबरी मोठ्याने वाचतो, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत आले. आपल्याच देशात केरळमधील कण्णूरच्या बिडी कामगारांतही वृत्तपत्र वाचून दाखवण्याची अशीच रीत होती. १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा लागू होताच खाजगी मालकांनी काम बंद केले, तेव्हा त्या कामगारांनी १९६९ मध्ये स्वतःची दिनेश बिडी सहकारी संस्था उभारली. आणि बिडीचा खप उतरू लागल्यावर त्याच संस्थेने मसाले, खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपडे यांचे उत्पादन सुरू केले. माझ्या आईला सूप मांडीवर असताना कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवले असते तर तिचे आयुष्य किती वेगळे झाले असते, असा विचार माझ्या मनात या ओळी लिहितानाही येतो आहे. तिने मला शाळेत घातले, आणि मी वाचायला शिकल्यावर संध्याकाळी ती मलाच वाचायला बसवी.

तेंदूपत्त्याचेही तसेच आहे. मे महिन्यात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात पहाटे तीन-चार वाजता घराघरांतून माणसे निघतात, दुपारपर्यंत पाने आणतात, सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन देतात. आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली अनेक ग्रामसभा आता स्वतः पत्त्याचा लिलाव करतात, आणि उन्हाळ्याचा तो पैसा म्हणजे कित्येक घरांची बियाण्याची आणि लग्नाची सोय असते. ३१ मे येतो तेव्हा हा हंगाम नुकताच आटोपलेला असतो. शहरात बसून तंबाखूचा निषेध करणाऱ्यांनी या माणसांपुढे दुसरा कोणता रोजगार ठेवला, असे मला त्यांनी विचारले तर माझ्यापाशी कण्णूरचे एक उदाहरण आहे आणि त्यापलीकडे काही नाही. म्हणून बिडीचा प्रश्न मी येथे सोडून देते. खर्ऱ्याला मात्र अशी कोणतीही ढाल नाही. त्याची सुपारी आमच्याकडे पिकत नाही, त्याचा तंबाखू बाहेरून येतो, पन्नीही बाहेरची. आमच्या गावचा आहे तो फक्त पैसा आणि तोंड.

इतर देशांनी तंबाखूच्या चालीला कसा आवर घातला हे आपल्या लेखाच्या शेवटी थोडक्यात आले आहे, आणि तेथेच माझा मुख्य मुद्दा आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून दारूच्या गुत्त्यांसह सर्व कामाच्या जागी धूम्रपान बंद केले. साऱ्या देशाने असे करण्याची ती जगातली पहिली वेळ. टोकियोच्या चियोदा भागात २००२ मध्ये रस्त्यावर चालताना ओढणाऱ्याला दंड सुरू झाला, उपाहारगृहांच्या आत मात्र देशभर निर्बंध यायला २०२० साल उजाडले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सिगारेटच्या पाकिटावरचे सगळे रंग आणि चिन्हे काढून टाकली. उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. त्यांच्या छोट्या देशाने पाकिटावर मोठी चित्रे छापायला लावली तेव्हा एका बलाढ्य सिगारेट कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा ठोकला, आणि २०१६ मध्ये उरुग्वे तो जिंकला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली, २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले, आणि २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापला जातो. हे सारे मोठे काम आहे आणि मी त्याला मनापासून वंदन करते. परंतु नीट पाहिले तर या सर्व उपायांचा आधार दोनच गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे धूर, जो शेजारी बसलेल्याच्या छातीत जातो म्हणून त्याला तक्रारीचा हक्क मिळतो. दुसरी म्हणजे पाकीट, ज्यावर चित्र छापता येते, कर लावता येतो, रंग काढून घेता येतो.

खर्ऱ्याला धूर नाही आणि पाकीटही नाही. पानठेलेवाला समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे तो घोटून देतो आणि रंगहीन, पारदर्शक पन्नीत गुंडाळतो. त्या पन्नीवर सडलेल्या जबड्याचे चित्र कोठे छापणार? शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास त्याने कोंडत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नको हा नियम त्याला लागू आहे, पण खर्रा लहान मुलाच्या खिशात शंभर यार्ड सहज चालून येतो. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीवरही घातली. तरी गुटख्याची पोती सीमेपलीकडून येत राहिली, आणि ज्यांनी गुटखा सोडला त्यांतील बहुतेकांना मी खर्ऱ्याकडे वळलेले माझ्या डोळ्यांनी पाहिले. भूतानचा अनुभवही असाच बोलका आहे. त्या देशाने २००४ मध्ये तंबाखूची विक्री संपूर्ण बंद केली, २०१० मध्ये आणखी कडक कायदा केला, आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात भारतातून होणारी चोरटी आयात आटोक्यात येत नाही म्हणून ती विक्रीबंदी उठवली. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायकांच्या रेट्याने आली आणि आजही जेथे टिकून आहे तेथे बायकांमुळेच टिकून आहे. त्या बंदीमागे गाव होते. गुटखाबंदीमागे गाव नव्हते, कारण खाणाऱ्यांत त्या बायकाही होत्या.

गावानेच पाहुण्यापुढे खर्रा ठेवणे थांबवले तर तो उतरतो, हे मी पाहिले आहे. २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था यांनी मिळून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचे काम चालवले आहे. त्यात गावोगावी समित्या होतात, ग्रामसभेत ठराव होतात. आमच्या गावाने दोन वर्षांपूर्वी ठराव केला की लग्नात, तेरवीत आणि रोवणीत खर्रा ठेवायचा नाही. पहिल्या लग्नात वरपक्षाने कुरबूर केली, मांडवाबाहेर जाऊन विकत घेऊन खाल्ला, आणि परत येऊन जेवले. दुसऱ्या लग्नात कुरबूर कमी झाली. आता मांडवात बडीशेप, ओवा आणि गूळ-खोबऱ्याचे ताट असते. खर्रा गावातून गेला असे मी मुळीच म्हणणार नाही. पानठेला तेथेच आहे आणि चालतोही आहे. पण माझ्या अंगणात आलेल्या पाहुण्याला तो मागायला आता संकोच वाटतो, आणि दहा-बारा वर्षांची मुले ताटातून चोरून पहिली पुडी उचलीत ते ताट आता नाही. रोवणीत मात्र ठराव मोडला. मजूर मिळेनात म्हणून दोन मालकांनी धुऱ्यावर पुन्हा खर्रा आणला, आणि त्यांना दोष देणे मला जड जाते.

आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या मी स्पष्टपणे मांडते. येत्या ३१ मेच्या अंकात सिगारेटचे चित्र छापू नये. आपल्या विदर्भ आवृत्तीत खर्ऱ्याचे छायाचित्र पहिल्या पानावर, त्याच्या नावासह छापावे, आणि त्याखाली तीन बोटांची तपासणी चार ओळींत समजावून सांगावी, म्हणजे पानठेल्यावर अंक उलगडणारा प्रत्येक माणूस तेथेच आपली बोटे तोंडात घालून पाहील. ज्या पन्नीला इशारा छापायला जागा नाही तिच्या शेजारीच रोज आपला अंक पडलेला असतो. तो इशारा आपल्या अंकाने छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसरे असे की तंबाखूच्या जाहिरातीला कायद्याने मनाई असल्याने वेलदोडा आणि पानमसाला यांच्या नावाने पूर्ण पानाच्या ज्या झगमगीत जाहिराती येतात, त्या घेणे आपण थांबवावे. वृत्तपत्र चालवायला पैसा लागतो हे मला कळते. तरी ज्या पानावर एका बाजूस कर्करोगाच्या रुग्णालयाची बातमी असते त्याच्या पाठीमागे ती जाहिरात पाहिली की वाचणाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास उणावतो, आणि तो विश्वास आमच्यासारख्या खेड्यांत अजून मोठा आहे. तिसरी मागणी लहान आहे: खर्ऱ्याला 'तंबाखूजन्य पदार्थ' असे म्हणू नये. खर्रा म्हणावे. आमच्या गावात तंबाखूजन्य पदार्थ कोणी खात नाही.

या पत्रात भावाची हकीकत मी त्याच्या संमतीने लिहिली आहे. काल रात्री त्याने हे पत्र कंदिलाजवळ बसून, वीज गेलेली असताना, सबंध वाचले आणि एका जागी दुरुस्ती सुचवली: मी दिवसाला आठ पुड्या लिहिल्या होत्या, त्याने त्या दहा-बारा केल्या. खर्ऱ्याच्या छायाचित्राबरोबर बोटे तोंडाशी धरलेल्या माणसाचे छायाचित्र आपल्याला हवे असेल तर तो स्वतःचे द्यायला तयार आहे. चेहरा झाकण्याची गरज नाही, असे त्याने मला सांगितले आहे. आपला छायाचित्रकार कधी येणार हे दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे तो ट्रॅक्टर घेऊन बाहेरगावी जाणार नाही.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली